अण्णांनी लावलेली काच

ज्या घराची तपासणी करायची, त्या घरात अण्णा पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. घरमालकाने कितीही आग्रह करू दे, मालकीणबाईंनी पोह्यांची बशी हातात कोंबू दे, अण्णा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. "आधी भिंत," एवढंच म्हणायचे. स्वतःचं पाणी स्वतःच्या कापडी पिशवीत, पितळेच्या फिरकीच्या तांब्यात. तहान लागली की फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन दोन घोट प्यायचे आणि परत आत. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा सोवळ्याओवळ्याचा दिसतोय. मनात म्हटलं, झालं, अख्ख्या बंगलोरमध्ये आपल्याला हाच नमुना सापडायचा होता.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी साताऱ्याकडचा, बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांची मापं घेण्याच्या खात्यात नोकरीला. आमच्याच कारखान्याच्या बांधकाम खात्यात अण्णांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. कंत्राटदाराने भिंत उभी केली की अण्णांनी जाऊन ती पास करायची. कंत्राटदार त्यांना किती घाबरायचे याच्या गोष्टी मी कॅन्टीनमध्ये ऐकल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच काम लोकांसाठी सुरू केलं. तुम्ही घर विकत घेताय? मग सही करायच्या आधी अण्णांना घेऊन जा. फी घ्यायचे, तीही आधी आणि फक्त घेणाऱ्याकडून. विकणाऱ्याचा एक पैसा नाही, दलालाची रिक्षासुद्धा नाही. मी एकदा विचारलं, "अण्णा, ओळखीच्यांकडूनही फी?" तर म्हणाले, "फुकट सांगितलं की लोक फुकटासारखंच ऐकतात बघ."

नाव व्यंकटराव, पण ते रेशनकार्डापुरतं. त्यांचे पूर्वज कधीतरी तंजावरकडून इकडे आलेले, त्यामुळे मराठी असं की माझ्या बायकोला, शोभाला, पहिल्या दिवशी हसू आवरेना. "स्वल्प सरका की, उजेड येऊ दे." "सरी, सरी, आता नळ सोडा." सरी म्हणजे ठीक. राहायला चिकपेटच्या मागच्या एका बोळात, भाड्याच्या दोन खोल्यांत. खाली तसबिरींना फ्रेम करून देणाऱ्याचं दुकान आणि वर अण्णा आणि त्यांची धाकटी बहीण सुधाक्का. अण्णांची बायको लवकर गेली होती. सुधाक्का काठी घेऊन चालायच्या, एक पाय ओढत. जिभेने मात्र त्या कुणाला हार जायच्या नाहीत.

अण्णांच्या पिशवीत ओळंबा, टॉर्च, काचेची एक गोटी आणि जुना ढब्बू पैसा असायचा. गोटी जमिनीवर सोडायचे आणि ती कुठे जाते ते डोळे बारीक करून बघायचे. ढब्बू पैशाने भिंत ठोकत ठोकत जायचे, कान लावून. प्लास्टर धड असलं तर टण्ण, सुटलेलं असलं तर बद्द. आणि तोंडाने अखंड चालू. "विकणारा बोलतोय, भिंत गप्प आहे. आपण तिचं ऐकायला आलोय." किंवा, "रंग नवीन दिसला की मी जास्त वेळ थांबतो."

आमच्या खात्यातल्या कामतांनी एक घर बघितलं तेव्हा त्यांनी वास्तुशास्त्राचा जाणकार आणि अण्णा असे दोघेही एकाच दिवशी बोलावले. जाणकारांनी दोन तास होकायंत्र फिरवलं. देव इकडे, चूल तिकडे, पलंगाचं डोकं दक्षिणेला. सगळं उत्तम आहे म्हणाले. तोवर अण्णांनी न्हाणीघरात एक बादली पाणी ओतलं आणि बाहेर येऊन उभे राहिले. पाणी मोरीकडे गेलंच नाही, उंबरा ओलांडून दिवाणखान्यात आलं आणि जाणकारांच्या चपलेपाशी थांबलं. अण्णा म्हणाले, "ईशान्य कुठे ते मला नाही माहीत स्वामी, पण मोरी कुठे आहे ते पाण्याला माहीत नाही." कामतांनी ते घर घेतलं नाही, आणि त्या जाणकारांनी अण्णांशी पुढे कधी बोलणं ठेवलं नाही.

तर आमचं घर. आमच्या घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांनी सांगून टाकलं, उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आत जागा मोकळी करा. संक्रांत नुकतीच झालेली. म्हणजे हातात दोन महिने. आमची मीनू तेव्हा सहा वर्षांची. साताऱ्याची जमीन विकून वडिलांनी दिलेले पैसे आणि आमची सगळी शिल्लक मिळून एकच घर होणार होतं. चुकलं तर दुसरं घ्यायची ताकद या जन्मी नव्हती. आणि अशा वेळी सबनीसकाकांनी इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "अरे, मी माझं घर विकतोय. मुलाकडे पुण्याला जायचंय. बाहेरच्याला देण्यापेक्षा आपल्या माणसाला दिलेलं बरं."

आपला माणूस! परगावी राहणाऱ्याला हे दोन शब्द कसे लागतात ते त्यालाच विचारा. सबनीसकाका म्हणजे मंडळाच्या गणपतीचे सर्वेसर्वा. आम्ही नवीन आलो तेव्हा आम्हाला कानडीचा गंध नव्हता. गॅसचा नंबर लावून दिला काकांनी, मीनूच्या शाळेत स्वतः येऊन हेडबाईंशी बोलले काका. घर शहराच्या दक्षिणेला एका नव्या वसाहतीत, पाच वर्षांचं, पुढे बाग, वर गच्ची. मी मनातल्या मनात तिथे खुर्ची टाकून बसलोसुद्धा होतो.

शोभा म्हणाली, "अण्णांना दाखवू या."

मी भडकलो. "सबनीसकाकांचं घर तपासायचं? उद्या सख्ख्या भावाकडे जेवायला गेलीस तर भात तपासशील का?"

"भात एक दिवस खायचाय," ती म्हणाली. "इथे मीनू वाढणार आहे."

फी तिनेच भरली.

रविवारी सकाळी अण्णा बसमधून उतरले आणि घरात न जाता सरळ कोपऱ्यावरच्या पालेभाजीवाल्या म्हातारीकडे गेले. मला राग आला. काका फाटकात उभे, आणि हे मेथीच्या जुड्या बघतायत! अण्णांनी तिला विचारलं, "अम्मा, इल्ली मोदलु येनित्तु?" इथे आधी काय होतं? म्हातारीने हातातली जुडी सगळ्या वसाहतीवरून फिरवली. "केरे, स्वामी. येल्ला केरे." तळं. सगळं तळं. लहानपणी ती इथे म्हशी धुवायला आणायची म्हणे. अण्णांनी एक जुडी घेतली, पैसे दिले आणि मग घराकडे वळले.

आत सगळं ठीक चाललं होतं. गोटी फारशी पळाली नाही. नळ, गच्ची, जिना, सगळ्याला अण्णांनी मान डोलावली. काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येत होतं. मग आम्ही मागच्या खोलीत गेलो. मीनूसाठी मी मनात धरून ठेवलेली हीच खोली. अख्ख्या घरात फक्त या खोलीला नवा रंग होता. अण्णा मध्यभागी उभे राहून वास घेत राहिले. मग लोखंडी कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे सरकवायला हवं."

"अहो, हिच्या साड्या आहेत त्यात," काका म्हणाले. "मणभर वजन आहे."

"मी धरतो एका बाजूने."

सत्तरीचा माणूस वाकलासुद्धा. मग मला हात लावावाच लागला. कपाट सरकलं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत तिरपी भेग गेलेली. नव्या रंगातूनही ती पुन्हा वर आली होती. सबनीसकाकू पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या.

"प्लास्टरची आहे हो," काका हसत म्हणाले. "पाच वर्षांच्या घराला एखादी सुरकुती पडायचीच."

"असेलही," अण्णा म्हणाले. "नुसती प्लास्टरची असेल तर इथेच थांबेल. खालची माती हलत असेल तर वाढेल. आज बघून मला सांगता येत नाही, आणि मी अंदाजाने सांगत नाही. चार आठवडे द्या."

त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात काचेच्या बारीक पट्ट्या होत्या, बोटाएवढ्या. काच कापायच्या हिरकणीने एका पट्टीवर त्या दिवसाची तारीख कोरली. मग भेगेच्या दोन्ही काठांवर प्लास्टर ऑफ पॅरिसचे गोळे लावून ती पट्टी भेगेवर आडवी बसवली. "घर जागेवर असेल तर ही अशीच राहील. भिंत केसभर जरी हलली तर काच तुटेल. हिला कुणाची भीड नाही." पोहे गार झाले. अण्णा बाहेर रस्त्यावर जाऊन पाणी प्यायले.

ते चार आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. एका बोटाएवढ्या काचेवर आमचं सगळं अडकलेलं. दर रविवारी मी काहीतरी निमित्त काढून काकांकडे जायचो आणि मागच्या खोलीत डोकावायचो. पहिल्या रविवारी काच शाबूत. दुसऱ्या रविवारी शाबूत. काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "बघ, बघ तुझी काच!" पण थापेत आता पूर्वीची ऊब नव्हती. मुंबईहून आलेला एक कॉम्प्युटरवाला घर बघून गेला होता आणि तो लगेच घ्यायला तयार होता, हेही काका दर वेळी सांगायचे. इकडे घरमालकांनी खिडक्या मोजायला सुतार पाठवला, आम्ही घरात असताना! मंडळात तर चर्चाच चर्चा. एका बाईंनी शोभाला चारचौघींत विचारलं, "तुम्ही म्हणे काकांच्या घराला काच लावून ठेवलीय? ताप बघतात तशी?" शोभा घरी येऊन रडली. पण मला म्हणाली, "तरी थांबू या."

तिसऱ्या रविवारीही काच शाबूत होती. काका म्हणाले, "आता मलाही थांबता येत नाही रे. बुधवारी विसार दे, नाहीतर मी मुंबईवाल्याला हो म्हणतो." मी तिथल्या तिथे हो म्हणून मोकळा झालो.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर अण्णांना सांगायला चिकपेटला गेलो. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आठवडा राहिलाय की."

"काच तुटली नाहीये अण्णा! तीन आठवडे झाले!"

"चार म्हटलं होतं मी."

माझा तोल गेला. "तुमचं काय जातंय चार म्हणायला? तुम्ही जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिलात. लोकांचं घर होतंय हे तुम्हाला बघवत नाही! सगळ्या बंगलोरची घरं मोडत फिरता!"

खालच्या दुकानातली हातोडी थांबली, इतका माझा आवाज चढला होता. अण्णा उठले. पायात चपला सरकवल्या, "कॉफीपूड संपलीय, घेऊन येतो," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मी तसाच उभा.

"बस," सुधाक्का म्हणाल्या. "माझा पाय बघितलास? विचारलं नाहीस कधी."

मी बसलो.

"माझ्या नवऱ्याने घर घेतलं तेव्हा अण्णाच आला होता बघायला. कारखान्यातला मोठा तपासनीस, माझा भाऊ. माझ्या सासऱ्यांनी काय थाट केला त्याचा! ताटाभोवती रांगोळी, होळिगे म्हणजे तुमची पुरणपोळी, वर तूप. जेवून वर गच्चीवर गेला. कठडा त्याने हलवून बघितला. हलला. हे त्याने मला मागाहून सांगितलं, हं. खाली आला तर सासरे हात जोडून उभे, 'कसं वाटलं आमचं घर?' तोंडात विडा, पोटात त्यांचं अन्न. हा म्हणाला, 'छान आहे.' मनात ठरवलं होतं म्हणे, आठवड्याने सासऱ्यांना एकटं गाठून सांगेन." सुधाक्कांनी काठी एका मांडीवरून दुसरीवर घेतली. "पाचव्या दिवशी मी सांडगे वाळत घालायला वर गेले, कठड्याला टेकले आणि कठड्यासकट खाली आले. जगले. पण पोर होती पोटात, ती गेली. मग नवऱ्याघरीही काही राहिलं नाही." आणि मग, तो विषय झटकून टाकावा तशा म्हणाल्या, "तेव्हापासून पाणी पीत नाही तो कुणाकडे. तुम्हा लोकांची घरं माझ्या पायावर उभी आहेत, समजलं?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. अण्णा कॉफीपूड घेऊन आले तेव्हा मी खाली मान घालून म्हणालो, "रविवारपर्यंत थांबतो." ते म्हणाले, "सरी." माफी मागायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्यांनी कॉफी करून माझ्यापुढे ठेवली.

बुधवारी काकांना निरोप दिला, रविवारी येतो. पलीकडून त्यांनी फोन आपटला.

रविवारी आम्ही चौघं गेलो. मी, शोभा, मीनू आणि अण्णा. काकांनी दार उघडलं पण या म्हणाले नाहीत. मागच्या खोलीत कपाट पूर्वीच्याच जागी सरकवून ठेवलेलं, नुसती काच दिसेल एवढी फट. मी टॉर्च मारला. काच अखंड! तारीखसुद्धा स्वच्छ दिसत होती. मी शोभाकडे बघून हसलोसुद्धा.

"झालं समाधान?" काका म्हणाले.

अण्णांनी टॉर्च माझ्या हातातून घेतला. वाकून काचेच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मग उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "ही माझी काच नाही."

मीनू माझा हात धरून होती, तिने तो घट्ट आवळला.

"माझी फ्रेमवाल्याकडची, तसबिरीची. पातळ. ही खिडकीची जाड काच आहे. हिला तुटायला भिंत खूप हलावी लागेल."

"म्हणजे मी काच बदलली म्हणायचंय तुम्हाला?" काकांचा आवाज चढला. "वीस वर्षं मंडळ चालवतोय मी! कुणाशी बोलताय? माझ्या घरात उभं राहून..."

"पहिल्याच आठवड्यात तुटली होती ती."

काकू बोलल्या. दारात उभ्या होत्या, हातात आजही पोह्यांचा ट्रे. काका गर्रकन वळले. "तू गप्प बस!"

"नाही बसायची," काकू म्हणाल्या. ट्रेमधल्या बशा वाजत होत्या. "चार वर्षं गप्प बसले. दर उन्हाळ्यात ती भेग उघडते आणि दर उन्हाळ्यात तुम्ही रंगारी आणता. या खोलीत ही पोरगी झोपणार आहे. तिचं नाव घेऊन मला गप्प बस म्हणा, मग बसते."

काका पलंगावर बसले. एवढा मोठा माणूस, गणपतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालणारा, एकदम म्हातारा दिसायला लागला. "सगळी पुंजी घातली रे यात," म्हणाले. कुणाकडेही बघत नव्हते. "हे विकलं नाही तर मुलाच्या दारात हात हलवत जायचं?"

मला वाटलं होतं, अण्णा आता त्यांना सोलून काढतील. माझी तर जीभ शिवशिवत होती. पण अण्णा त्यांच्या शेजारी बसले. "सबनीस, तुम्ही दोघं कुठे झोपता?"

"इथेच."

"आजपासून पुढच्या खोलीत झोपा." मग पिशवीतून कागद काढून त्यांनी मागच्या भिंतीखाली पाया कसा बांधून घ्यायचा, गच्चीचं पाणी घरापासून लांब कसं न्यायचं, ते आकृती काढून समजावलं. अर्धा तास. निघताना म्हणाले, "दुरुस्त करा, आणि घेणाऱ्याला सगळं सांगून विका. थोडं कमी येईल. पण झोप येईल." काकूंनी विचारलं, "आता तरी पोहे घ्याल?" अण्णांनी हात जोडले आणि फाटकाबाहेर जाऊन तांब्या उघडला. सबनीसांनी ती दुरुस्ती खरोखर केली आणि सांगून विकलं, हे मला पुढे काकूंच्या पत्रातून कळलं.

आम्हाला उगादीच्या जेमतेम आधी एक जुनं घर मिळालं. बुटकं, छपराला उतरती कौलं, मागे कुणीतरी नंतर जोडलेली एक खोली. अण्णांनी त्यात पानभर दोष काढले. मी घाबरून विचारलं, "म्हणजे नको?" तर म्हणाले, "घे की. दिसायला वेडंबागडं आहे, पण हाडं चांगली आहेत. आणि एकही दोष लपवलेला नाही." सही झाल्यावर जुनी भिंत आणि नवी खोली जिथे जुळते तिथे त्यांनी स्वतःहून एक काच लावली. शोभा म्हणाली, "आता कशाला?" "धडधाकट माणसाचीही नाडी बघतात की," म्हणाले. मग आमच्या घरात पहिल्यांदा खाली बसले आणि दोन पेले कॉफी प्यायले. त्यानंतर दर वर्षी उगादीला यायचे. मीनू त्यांना हात धरून काचेपाशी न्यायची, ते नख फिरवायचे, "सरी," म्हणायचे आणि कॉफी प्यायचे.

सहा वर्षं गेली. बंगलोर वाढत सुटलं. सुधाक्का गेल्या. अण्णांना काचबिंदू झाला आणि दोन्ही डोळ्यांतला उजेड जवळजवळ विझला. हुबळीचा पुतण्या त्यांना कायमचा घेऊन जाणार होता. जायच्या आदल्या दिवशी तो त्यांना सकाळी आमच्याकडे सोडून तिकिटाच्या कामाला गेला.

आणि नेमकी चार दिवसांपूर्वी आमची काच तुटली होती. शेजारचं जुनं घर पाडून तिथे फ्लॅट बांधणार होते, आणि आमच्या भिंतीला लागूनच खोल खड्डा खणला होता. शोभाने आणि मी ठरवलं, अण्णांना सांगायचं नाही. डोळे गेलेला माणूस, उद्या गाव सोडून निघालेला, कशाला त्याच्या जिवाला घोर? कुणा दुसऱ्या इंजिनिअरला पुढच्या आठवड्यात बोलावू. मीनूलाही बजावलं. ती बारा वर्षांची होती आणि त्याच मागच्या खोलीत झोपायची.

शोभाने कॉफी आणून अण्णांच्या हातात दिली. त्यांनी पेला ओठांजवळ नेला आणि थांबले. "काच कशी आहे?"

मीनूने माझ्याकडे बघितलं. "छान आहे" हे शब्द माझ्या जिभेवर अगदी तयार होते. तेच शब्द. मला एकदम सुधाक्कांची काठी आठवली.

"अण्णा, तुटलीय," मी म्हणालो. "चार दिवस झाले. तुम्हाला सांगणार नव्हतो."

त्यांनी पेला खाली ठेवला. एक घोटही न घेता. "आधी भिंत," म्हणाले आणि उठले.

मीनूने त्यांना धरून नेलं. त्यांनी तळहात भिंतीवर ठेवला आणि भेगेवरून बोटं वरपासून खालपर्यंत नेली. "खाली रुंद आहे का?" "हो." "बाहेर खणलंय कुणी?" मी खड्ड्याचं सांगितलं. "किती लांब?" "हातभर." अण्णांचा आवाज तीस वर्षांपूर्वी कंत्राटदारांसमोर निघत असेल तसा निघाला. "मग इथे उभा काय राहिलायस? जा! खणणं थांबवायला सांग. आजच्या आज खड्ड्याला लाकडी टेकू लावायला सांग. आणि ही पोरगी या खोलीत पुन्हा झोपता कामा नये, मी सांगेपर्यंत!"

मी अनवाणी धावलो. तिथला मुकादम आधी हसला, मग माझ्याबरोबर येऊन त्याने आमची भिंत बघितली आणि हसायचा थांबला. दुपारी खड्ड्यात टेकू उभे राहिले तेव्हा पहिल्यांदा मला धड श्वास घेता आला. चार दिवस मी माझ्या पोरीला त्या भिंतीशेजारी झोपवलं होतं.

परत आलो तर अण्णा तिथेच, भिंतीला हात लावून उभे. त्यांनी पिशवीतून तो बिस्किटांचा डबा काढून माझ्या हातात दिला. "नवी लाव. तारीख तू कोर. मला दिसत नाही."

माझ्या हातातली हिरकणी घसरली. त्यांनी माझं कोरलेलं अंगठ्याने चाचपलं. "वाकडी आलीय," म्हणाले. "सरी. चालेल."

मग बाहेर येऊन बसले. कॉफीवर साय धरली होती. शोभा म्हणाली, "गरम करून आणते." त्यांनी नको म्हणून हात केला आणि ती गार कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

पुतण्या रिक्षा घेऊन आला. मी त्यांना आत बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली. त्यांनी माझं मनगट पकडलं आणि सोडेनात. डोळे माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला, आमच्या घराकडे लागलेले.

"तू सांगितलंस," अण्णा म्हणाले. "मी सुधीला नव्हतं सांगितलं."

रिक्षा सुरू झाली तरी त्यांनी हात सोडला नव्हता, म्हणून मी कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत गेलो.